आत्याचं आडवं बटण

आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूला नाव-गाव कुणी विचारत नसे. एवढंच विचारायचे : "दिव्याचं बटण वर केलं की लागतं, की खाली केलं की?"

त्यावरून माणूस वरचा की खालचा ते ठरायचं. वरच्यांचा न्हावी वेगळा, खालच्यांचा वेगळा. माझ्या चुलत मामाचं ठरलेलं लग्न यापायी मोडलं. मुलीच्या बापाने दिवा लावायला बोट खाली नेलं, आणि आमची मंडळी चहा अर्धवट टाकून उठली. खोटं वाटत असेल तर मामाला विचारा, तो अजून एकटाच आहे. वायरमनची तर दोन घरचा पाहुणा उपाशी अशी गत. एकाकडे काम केलं की दुसरा दारात उभा करीना.

शेवटी भांडून भांडून सगळे दमले आणि नानांकडे गेले. नाना म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत-मास्तर. गळ्यात शिट्टी, आवाजात 'सावधान'. नाना म्हणाले, "बटणावरून भांडता ना? मग बटणंच माझ्याकडे द्या. मी लावीन, मी बंद करीन. कटकटच नको."

लोकांना पटलं! वायरमनने घराघरातली बटणं उपटली, तारा ओढल्या आणि नानांच्या बैठकीतल्या एका भिंतीवर सगळं आणून बसवलं. दिवे, पंखे, दारावरच्या घंट्यासुद्धा. पाहुणा आला की त्याने आधी नानांकडे जायचं, मग नाना तुमची घंटा वाजवणार. इतक्या तारा त्या भिंतीत कोंबल्या की भिंत तापली, ती रात्रीही निवेना. नाना तिच्यावर पायमोजे वाळवत.

पहिले काही दिवस गल्ली खूश. मग नानांनी नियम काढला : रात्री शिट्टी झाली की सगळ्या घरांत अंधार. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही.

इथे माझी आत्या पेटली. आत्या कोंबडीची पिल्लं विकायची. पेटीत अंडी, वर दिवा, त्या उबेवर पिल्लं निघायची. रात्रभर दिवा बंद राहिला तर अंडी थंड पडणार, आणि आतला जीव गेला की गेला. नाना तिचे धाकटे दीर. ती तडक त्यांच्याकडे गेली.

"भाऊजी, माझा दिवा विझवायचा नाही. आत जीव धरलाय."

"वहिनी, आज अंड्यांना सूट दिली तर उद्या कोंबडे मागतील."

"मागू देत. तुमच्या बापाचं काय जातं?"

"माझा बाप तुमचा सासरा होता, वहिनी."

आत्या पदर खोचून उठली. मग घरी आली आणि मला म्हणाली, "उचल पेटी." आम्ही दोघांनी ती तश्शी नानांच्या बैठकीत नेऊन त्या तापलेल्या भिंतीला टेकवली.

"हे काय?" नाना ओरडले.

"बटण तुमच्याकडे, तर अंडीही तुमच्याकडे. सगळ्या गल्लीचं बघणार होतात ना? बघा. आणि अधूनमधून अंडी उलटत जा, एका कुशीवर ठेवायची नसतात."

नानांना नाही म्हणता येईना, नियमच त्यांचा. दिवसा बटणं दाबायची, रात्री उठून अंडी उलटायची. बिचारे वाळून मोज्यासारखे झाले.

आणि एका दुपारी पेटीतून टकटक आली. आत्या धावली, मागून मीही. कवचांना तडे जाऊ लागले. नानांनी सवयीने शिट्टी तोंडात धरली. "सगळ्यांनी एकदम! एक साथ..." एक पिल्लू बाहेर, दुसरं अर्धं, तिसऱ्याचं नाव नाही. शिस्त कुठेच दिसेना. एक अंडं तर नुसतं हलून थांबलं. नानांचा जीव वर-खाली. त्यांनी नखाने कवच सोलायला हात घातला.

आत्याने फाडकन हातावर चापट मारली. "मागे! तुम्ही फोडलंत तर मरेल ते. ज्याचं त्याने फोडायचं असतं."

"अहो, पण थकलंय ते!"

"थकू दे. हात मांडीखाली दाबून बसा."

आयुष्यात पहिल्यांदा नाना काही न करता बसले. बाहेर गल्ली बोंबलत होती, "नाना, पंखा! नाना, घंटा!" नाना जागचे हलेनात. उकाड्याने वैतागून कुणीतरी वायरमनला हाक मारली, "माझं बटण माझ्या घरी लाव, बाबा." मग शेजाऱ्याने, मग त्याच्या शेजाऱ्याने. वायरमन विचारी, "वर की खाली?" आणि लोक म्हणत, "माझं वर. त्याचं त्याला विचार." आत्याने मुद्दाम आडवं बसवून घेतलं. डावीकडे दिवा, उजवीकडे अंधार, कुणाच्या बापाला कळू नये असं.

दिवेलागणीला ते शेवटचं पिल्लू आपलं आपण बाहेर पडलं, ओलं, वाकडं आणि भयंकर रागावलेलं. नानांनी डोळे पुसले. मी पाहिलं, ते म्हणतात घाम होता.

पिल्लांनी डोळे उघडताच समोर नानांना पाहिलं होतं, त्यामुळे ती त्यांनाच आई समजली. नाना निघाले की मागे सगळी फौज. नाना खुलले, छाती काढून गल्लीभर फिरले. कोपऱ्यावर कुणीतरी मूठभर कणी टाकली आणि फौज दाही दिशांना.

"रांगेत!" नानांनी शिट्टी फुंकली.

एकानेही मान वर केली नाही. ते रागीट पिल्लू तेवढं परत आलं, नानांच्या बुटावर शिटलं आणि पुन्हा टिपायला गेलं.

खिडकीत आत्याने हसत दिवा लावला. बोट आडवं नेऊन.