आसरा

बेघरांना खोल्या मिळवून देणाऱ्या संस्थेत ती कॉलेजातून काम शिकायला आली आणि पहिल्याच दिवशी तिचं नाव पडलं, ‘कॉलेज’. पुलाखालच्या आजीची विचारपूस तिच्याकडे होती. आजीचा नंबर लागला होता. पाहणीचे साहेब येणार, आजीला पुलाखाली बघणार, की खोली मिळालीच.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी आजी तापाने फणफणली. कॉलेजला राहवेना. तिने रिक्षा करून आजीला आपल्या घरी नेलं, गादीवर निजवलं. सकाळी ताप उतरला आणि दोघी वेळेवर पुलाखाली हजर झाल्या.

साहेब भला माणूस. सहज म्हणाले, “आजी, रात्री गारठा होता. झोप लागली का?”

“लागली की! या पोरीच्या घरी, गादीवर!”

“माझ्याकडेच ठेवलं होतं,” कॉलेजनेही मान ताठ करून सांगितलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “म्हणजे आसरा आहे. रात्री घरात झोपला तो बेघर नाही, नियमच आहे. आता पुन्हा रांगेत शेवटून.”

पाहणीला आलेल्या संस्थेच्या बाईंनी साहेबांची गाडी वळू दिली. मग म्हणाल्या, “दवाखान्यात टाकायची होतीस. दवाखान्यातली रात्र नियमात चालते. विचारायला तोंड नव्हतं?”

“मला वाटलं...”

“वाटलं! तुला पुण्य हवं होतं, ते मिळालं. खोली गेली तिची. वर साहेबापुढे मिरवलंस, शहाणे!”

कॉलेजच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाल्या, “रडायचं तर घरी जाऊन रड. तुला घर आहे.”

तेवढ्यात आजीने गोधडी, पातेलं, काठी, सगळं गाठोड्यात बांधलंसुद्धा. “चल गं पोरी.”

“कुठे, आजी?”

“तुझ्याकडे. साहेबच म्हणाले ना, आसरा आहे म्हणून?”

कॉलेजने बाजूला जाऊन आईला फोन लावला.

“एक रात्र ठेवून घेतली, ते डोक्यावरून पाणी,” आई म्हणाली. “सकाळी चादरी उकळत्या पाण्यात टाकल्यात मी. पुन्हा आणलीस तर तूही बाहेर झोप तिच्याबरोबर.”

कॉलेज परत आली. आजीने उठायला हात पुढे केला होता. तो तिने धरला नाही.

“आजी, आज नाही. उद्या न्यायला येते.”

“उद्या तर उद्या,” आजी म्हणाली आणि बांधलेल्या गाठोड्याला टेकून रस्त्याकडे तोंड करून बसली. गोधडी काढायला गाठोडं काही तिने सोडलं नाही. एका दिवसासाठी पुन्हा कोण सोडबांध करत बसणार?