आठ फुटांवर दहा मिनिटं

पाचपर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता, आणि अख्ख्या शिवारात रोबो बुडेल इतकं पाणी एकाच ठिकाणी उरलं होतं. भिवराबाईंच्या शेततळ्यात.

आम्रपाली बीडच्या तंत्रनिकेतनात शिकवायची. तिनं तीन वर्षं खपून केलेला पिवळा रोबो समुद्राचा तळ बघायला जहाजावर चढणार की नाही, ते या व्हिडिओवर ठरणार होतं. अट एकच. आठ फूट खोल, दहा मिनिटं, जागचं हलायचं नाही. गेल्या वर्षी ही तारीख बाळंतपणात निघून गेली होती.

"मावशी, मोटर बंद आहे ना?"

"ह्या हप्त्यात लाईट रातीची हाय. सोड तुजी मासळी," भिवराबाई म्हणाल्या. आम्रपालीची अकरा महिन्यांची लेक संस्कृती त्यांच्या काखेत पेंगत होती.

वायरीच्या एका टोकाला रोबो पाण्यात, दुसऱ्या टोकाला काठावर लॅपटॉप. पडद्यावर हिरवट पाणी आणि आकडा, आठ फूट. पाच मिनिटं तो हलला नाही. सहाव्या मिनिटाला मोटर घरघरली.

आज सोमवार. सोमवारी शेतीच्या लाईटची पाळी बदलते, रात्रीची दिवसाची होते. भिवराबाई गेल्याच हप्त्यात राहिल्या होत्या. आणि आम्रपाली तरी कुठं शहरात वाढली होती? धर्मापुरीच्या शेतात वाढलेली ती. मोटर ऑटोवर टाकलेली असते, लाईट आली की आपोआप सुरू होते, हे तिला सुचू नये?

रोबो मोटरच्या पाइपाकडे ओढला जाऊ लागला. त्याचे पंखे उलटे फिरून झुंजत होते. पडद्यावर खोलीचा आकडा नऊ, सात, नऊ. स्टार्टरच्या पेटीला कुलूप. किल्ली भिवराबाईंचे मालक बजरंगकाका यांच्या खिशात, काका केजच्या बाजारात, फोन लागेना.

"कुलूप कावून लावता हो मावशी?"

"मागं स्टार्टर चोरीला गेलता."

भिवराबाईंनी लेक तिच्याकडे दिली, दगड उचलला आणि दोन घावांत कुलूप पाडलं. मोटर थांबली. रोबो डुगडुगत जागेवर, आठवर आला, तिथंच टिकला. दहा मिनिटं भरली. झुंजण्यात बॅटरी संपत आली होती. पुन्हा चार्ज करायला तीन तास, आणि घड्याळात चार वाजलेले.

"गेलं सगळं," आम्रपाली म्हणाली. संस्कृती वायर तोंडात घालत होती. आम्रपालीनं ती काढून घेतली, जरा जोरातच, आणि मग पोरीच्या डोक्यावर ओठ टेकवले.

"समुद्रात बी लाईटीची पाळी असती का गं?"

"नसते. पण पाण्याला ओढ असते, मावशी. लई."

बोलता बोलता तिला उमगलं, ओढीत रोबो कसा झुंजतो तेच या व्हिडिओत दिसत होतं. मग तिनं व्हिडिओला कात्री लावली नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, सहाव्या मिनिटाला पंप सुरू झाला, रोबो चार फूट सरकला, पंप बंद केल्यावर नवव्या मिनिटाला आपणहून जागेवर आला. अट मोडली होती. ती तिनं लपवली नाही.

"काका कुलपावरून ओरडतील."

"त्येंचं मी बघते. तू हे आदी जाऊ दे."

रेंज फक्त बांधावर यायची. एका हातात लेक, एका हातात उंच धरलेला मोबाईल घेऊन आम्रपाली बांधावर चढली. अपलोडचा आकडा बासष्ट टक्क्यांवर अडून बसला होता. पाचला नऊ मिनिटं कमी होती.