आधी प्रेमलाताई

शनिवारच्या वाचन कट्ट्याची जागा अनंतरावांनी एका कोचिंग क्लासला देऊन टाकली. ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष, हॉल त्यांच्या ताब्यात. दिली म्हणजे दिली. आम्हा म्हाताऱ्यांसाठी त्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, पण त्यात लिहिण्याची सोय फक्त त्यांनाच.

मी सभेत तोंड उघडत नाही. घरी जाऊन वेबसाइट बनवण्याची पुस्तकं उघडली. साध्या वेबपानात आपण विचारायचं, सर्व्हरने, म्हणजे पान पुरवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरने, उत्तर द्यायचं, की संबंध संपला. वेबसॉकेटमध्ये दोघांतली वाट उघडीच राहते; एकाने लिहिलं की बाकीच्यांना लगेच दिसतं. कट्ट्याला हेच हवं होतं. मी तसं, मजकूर आला की फोन वाजवणारं पान तयार केलं आणि लहानसा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर चढवलं. घरच्या कॉम्प्युटरवर चाललं होतं, तरी आपल्याला हे जमलंय असं काही वाटेना.

कार्यकारिणीने सांगितलं, सभेत चालवून दाखवा, नाहीतर कट्टा बंद करण्याचा ठराव होईल.

सभेत सगळ्यांनी आपापल्या फोनवर पान उघडलं, अनंतरावांनीही. मग कोणीच लिहीना.

"लिहा न कोणी," मी म्हणालो.

"आधी प्रेमलाताई," पंडरीच्या बाजारातले कापडवाले चारुदत्त म्हणाले. "त्यायच्या आधी आपण बोलतो काय?"

कट्ट्याची रीतच ती. सर्वांत वडील प्रेमलाताई. त्या एका बोटाने लिहीत होत्या, खोडत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. शेवटी त्यांनी बटण दाबलं. चौकट रिकामी झाली, पण मजकूर कोणाकडेच आला नाही.

"गिळलं न भाऊ यानं माझं सगळं," त्या म्हणाल्या.

अनंतराव उठले. "झालं हरिदासभाऊ? काहून लोकायचा टाइम खराब करून राहिले? रिटायर झाले तर आराम करा न. चला, ठराव लिहा."

"नाही," मी म्हणालो. "ठराव थांबवा."

मी लॅपटॉप उघडला. दोनदा पासवर्ड चुकला. दोष सापडला, तो माझाच होता. सर्व्हरवर माझ्या प्रोग्रामच्या पुढे एक दरवान प्रोग्राम असतो. बराच वेळ कोणी बोललं नाही, तर माणसं गेली असं समजून तो वाट बंद करतो. घरच्या कॉम्प्युटरवर दरवान नव्हता, आणि मी एकटाच दोन खिडक्यांत भराभर लिहीत होतो. कट्ट्यावरची अदब मी हिशेबातच धरली नव्हती.

"म्हणजे आम्ही चूप बसलो म्हणून बंद पडलं?" चारुदत्त हसले. "हव भाऊ, पण आम्ही तर चूपच बसणार."

"बसा. चूप बसलात तरी चालेल असं करतो."

दर थोड्या वेळाने सर्व्हरने स्वतःच एक छोटा इशारा पाठवत राहायचं, म्हणजे दरवानाला माणसं आहेत असं वाटेल, एवढ्या चार ओळी घातल्या. प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि सगळ्यांना, अनंतरावांनाही, पान पुन्हा उघडायला लावलं.

"ही शेवटची बारी," अनंतराव म्हणाले. "मले हॉलला कुलूप लावायचं आहे."

"लावा न. आम्ही पायरीवर बसतो," प्रेमलाताई म्हणाल्या, आणि खरंच उठल्या. बाकीचेही फोन घेऊन त्यांच्या मागे गेले.

पायरीवर प्रेमलाताईंनी सगळं पुन्हा लिहायला घेतलं. कोणी घाई केली नाही. मग सगळ्यांच्या फोनवर एकदम त्यांचा मजकूर उमटला. लगेच चारुदत्तांचा आला, त्यावर दुसऱ्याचा.

कुलूप लावून आलेल्या अनंतरावांच्या खिशातला फोन वाजत राहिला.

"हे बंद कसं करायचं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या फोनवरचं पान मिटा," मी म्हणालो. "आमचं चालू राहील."