तात्पुरता: हो

आमच्या ऑफिसात कायमचं असं काही नाही. खुर्च्या सोडल्या तर.

दोनशे चौदा सर्व्हर आहेत, सगळे भाड्याचे, कुठल्यातरी लांबच्या इमारतीत. प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते: काम काय, मालक कोण (म्हणजे आमच्यातलं कोण वापरतं), तात्पुरता आहे का. या नोंदी मी सांभाळते. ‘तात्पुरता: नाही’ लिहिलं की मंजुरीचा अर्ज, त्यावर तीन सह्या. ‘हो’ लिहिलं की अर्ज नाही, सह्या नाहीत, चहा गार व्हायच्या आत सर्व्हर सुरू. म्हणून आमच्या हुशार मंडळींनी सगळीकडे ‘हो’च ठोकून दिलं. नऊ वर्षं ग्राहकांच्या ऑर्डरी घेणारा सर्व्हर तात्पुरता. पगार काढणाराही तात्पुरता. ही युक्ती मुळात आमच्या साहेबांची.

आणि मीही तात्पुरतीच, सहा वर्षं झाली. विषय काढला की साहेब म्हणतात, “अगं, कायम करायचं तर वरून मंजुरी लागते. सध्या आहे तसंच चालू दे.” घरी अण्णा, माझे वडील, गुडघा धरून बसलेत. कायम माणसाच्या आईवडिलांच्या ऑपरेशनचा खर्च कंपनी करते. तात्पुरत्यांच्या वाट्याला शुभेच्छा. मी दारात चप्पल काढेपर्यंतसुद्धा अण्णांना दम नसतो. “झालीस का गं कायम?”

महिन्यापूर्वी साहेबांना साफसफाईचा झटका आला.

“तात्पुरतं जे जे सहा महिन्यांहून जुनं, ते उडवायचं. तसा प्रोग्राम लिही. झाला की तुझी फाईल वर पाठवतो, शब्द देतो.”

“साहेब, मग अख्खं ऑफिसच उडेल.”

“तू ना, फार वाकडं बोलतेस.”

लिहिला बाई प्रोग्राम. एक सोय मात्र ठेवली: उडवण्याआधी मालकाला मेल जाणार, सात दिवसांत उत्तर आलं नाही तर ती वस्तू कुणाला नकोय असं समजायचं. आता आमचे मालक मला माहीत नाहीत का? मेल उघडतील तर शपथ! मग मीच एकेकाच्या मानगुटीवर बसले.

“हा सर्व्हर तुमचा ना?”

“कुठला?”

“ज्यावर तुमचं अख्खं खातं चालतं, तो.”

“अच्छा, तो होय! असू दे की मग.”

जेवणाच्या टेबलावर गाठलं, लिफ्टमध्ये गाठलं. एकाला तर दाढ काढायला गेला होता तिथे फोन लावला. एकशे नव्वद वाचवले. उरलेले चोवीस खरंच बेवारस निघाले. प्रोग्राम चालला आणि कुणाचं काहीही बिघडलं नाही, त्यामुळे मी काही केलंय हे कुणाला कळलंही नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये स्वतःची पाठ थोपटून घेतली. वर म्हणाले, “इतका छान झालाय, एचआरलासुद्धा दिला मी!” मी मूर्खासारखी खूश झाले.

परवा सोमवारी दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. वॉचमनने यादी वरखाली केली. “मॅडम, तुमची नोंदच नाहीये.”

साहेबांना फोन लावला.

“अगं हो, एचआरनेही साफसफाई केली ना. जुनी तात्पुरती माणसं काढली. पण आधी ज्याच्या हाताखाली माणूस आहे, त्याला मेल जाते म्हणे.”

“तुम्हाला आली होती?”

“आली असेल. त्या मेल वाचतंय कोण!”

“आणि माझी फाईल?”

“पाठवणारच होतो गं.”

मला रडूच आलं, तिथेच, वॉचमनसमोर. एकशे नव्वद यंत्रांसाठी मी दारोदार फिरले. माझ्यासाठी एक बटण दाबायचं होतं.

“एवढं काय मनाला लावून घेतेस?” साहेब म्हणाले. “आत्ता घेतो परत. ‘तात्पुरती: हो’ लिहितो, म्हणजे मंजुरीची भानगड नको. पाच मिनिटांचं काम.”

मी डोळे पुसले. “‘नाही’ लिहा. आणि अर्ज पाठवा.”

“अगं, त्याला तीन सह्या...”

“पाठवा. मी सात दिवस वाट बघते. उत्तर आलं नाही, तर नकोय असं समजेन.”