घट्ट वळलेल्या बिड्या

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास साखर पेठेतल्या आपल्या कारखान्यात मालक चनबसप्पा यांनी सगळ्या बायकांसमोर एक बिडी पेटवली. ती ओढली गेली नाही. दुसरी पेटवली, तीही तशीच. तिसरीला त्यांनी इतका जोर लावला की गाल आत गेले आणि डोळ्यांत पाणी आले, पण धूर आला नाही.

"सकाळची आण," ते म्हणाले.

माल तपासणाऱ्या जोतीरामने सकाळी वळलेली एक बिडी पुढे केली. तिने पहिल्याच झुरक्याला धूर दिला.

"पान तेच?"

"तेच, मालक."

"तंबाखू?"

"येकाच पोत्यातली."

"मग दुपारी काय होतंय?"

जोतीरामने खिडकीखाली बसलेल्या निंगप्पाकडे पाहिले. निंगप्पाच्या मांडीवर एक जिल्द सुटलेले पुस्तक उघडे होते.

निंगप्पा एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. बोलपट आले आणि कंपनी सोलापूरच्या मुक्कामातच मोडली. नट आपापल्या गावी गेले. निंगप्पाला जायला गाव नव्हते. दुसऱ्याने लिहिलेले सपाट आवाजात, एक अक्षर न गाळता वाचणे हे एकच काम त्याला येत होते. बायकांची बडबड थांबावी म्हणून चनबसप्पांनी त्याला पोथी वाचायला बसवले. पगार ठरला नाही. वळणाऱ्या प्रत्येक बाईपुढे पान-तंबाखूचे सूप असते, तसे निंगप्पापुढेही एक ठेवण्यात आले, रिकामे. संध्याकाळी उठताना बायका मूठ मूठ बिड्या त्यात टाकत आणि तो माल त्याच्या नावावर लागे. वाचन पटले नाही तर सूप रिकामे राहील, हे बायकांना ठाऊक होते आणि निंगप्पालाही.

पोथीला सूप जेमतेम अर्धे भरे. जेवणानंतर निम्म्या बायका पेंगत. मग निंगप्पाने ट्रंकेतून भुताच्या गोष्टींचे पुस्तक काढले. जुन्या विलायती गोष्टी कोणी मराठीत आणल्या होत्या. आणताना साहेबाचा हंबीरराव केला, विलायतेचा सातारा केला, पण बर्फ काढायचा राहिला. त्यामुळे साताऱ्याजवळच्या किल्ल्यावर गुडघाभर बर्फ पडत होता आणि हंबीरराव उत्तरेच्या खोलीत एकटा झोपायला चालला होता.

"साताऱ्याला बरफ कुटनं आलं, मास्तर?" थोरली नागव्वा विचारी.

"छापलंय," निंगप्पा म्हणे.

"अगे, भूत चलता तेरेकू, बरफ नै चलता?" शेजारची खातूनबी म्हणे. "मास्टर, पढो तुम."

तो वाचे. आवाज चढवणे-उतरवणे त्याच्या सवयीतच नव्हते. पुढे उभा असलेला नट हे वाक्य म्हणेल, अशा भरवशावर वाचावे तसे तो वाचे. नट नव्हता, म्हणून ते काम बायकांच्या मनाला करावे लागे. जिन्यावर पाऊल वाजले, एवढेच निंगप्पा म्हणे. पाऊल केवढे, ओले की कोरडे, हे जी ती ठरवी. सूप शिगोशीग भरू लागले.

त्याच सुमारास करकंबच्या दुकानदाराने माल परत पाठवला. बिडी ओढत नाही, अशी त्याची तक्रार होती. जोतीरामने दोन दिवस पाळत ठेवून कारण काढले. पाऊल वाजले की सगळ्या अंगठे आवळतात आणि दोरा करकचून ओढतात.

"भुतानं धंदा बुडवला म्हणून सांगू काय मी करकंबला?" चनबसप्पा निंगप्पाला म्हणाले. "उद्यापासनं पोथी."

गुरुवारी पोथी झाली. बिड्या इतक्या सैल आल्या की बंडल उचलले तर तंबाखू खाली. शुक्रवारी कंपनीतले एक जुने प्रहसन वाचले. हसण्याच्या भरात दोरा बांधायचाच राहिला. शनिवारी सकाळी चनबसप्पांनी तोडगा काढला.

"मास्तर, तुमचीच गोष्ट वाचा. पण भूत येऊ देऊ नका."

"छापलंय, मालक."

"छापलेलं गाळा. कंपनीत गाळत न्हवता काय?"

"नट गाळायचे. मी कधी नाही."

"आता गाळा. पुन्हा माल परत आला तर तुमचं सूप उचललं म्हणून समजा. मग कुटं जायचं ते तुमचं तुमी बघा."

निंगप्पाने आयुष्यात पहिल्यांदा छापलेल्यावर हात चालवला. पावले जिना चढून दाराशी आली, थांबली आणि परत गेली. पुढच्या दिवशी पुन्हा आली, थांबली, परत गेली. त्याच्या पुढच्या दिवशी आली आणि परत गेली की नाही, हे सांगण्याआधीच मिलचा भोंगा झाला आणि बायका उठल्या.

"मालक," जोतीराम दुसऱ्या सकाळी म्हणाला, "आता बिडीत सुई जाईना."

चनबसप्पांनी नागव्वाला बोलावले. "भूत काढून टाकलं की मी. आता कशाला भिताय?"

"आलं असतं तर बघून झालं असतं, मालक," नागव्वा म्हणाली. "आता ते दाराभाईर हाय. घरला गेलो तरी दाराभाईरच हाय. काल सून पानी आणाय उटली, तर मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, तानच बरी."

चनबसप्पांनी थोडा विचार केला. मग हुकूम सोडला. उद्या दुपारी आपल्यासमोर भूत आणायचे. ते येऊन गेल्यावर वळलेल्या बिड्या तिथेच ओढून बघायच्या. ओढल्या गेल्या तर निंगप्पा राहील, नाहीतर त्याचे सूप उचलायचे.

निंगप्पा ऐकून आला. बायकांना न सांगितलेली एक गोष्ट त्याला माहीत होती. पुढच्या पानावर दार उघडते आणि भूत म्हणजे किल्लेदाराची बहिरी चुलती निघते. त्यानंतर चार ओळींत गोष्ट संपते आणि पुस्तकही संपते. बिड्या ओढल्या गेल्या, तरी परवापासून काय वाचायचे, हा प्रश्न होताच.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर नागव्वा त्याच्याजवळ आली. "मास्तर, तुमी भिऊ नका. आमी सगळ्यांनी ठरवलंय. काय बी येऊ दे, सैल वळायचं."

"जमेल?"

"न जमाय काय झालं? हात आमचं हायती की."

"मेरेकू कसम दी इसने," खातूनबी पलीकडून म्हणाली. "हौ बोली मैं. पन मास्टर, जरा हळू पढो."

चनबसप्पा आले आणि पानांच्या पोत्याशेजारी स्टुलावर बसले. गोष्ट त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. "मागं काय झालंय?" त्यांनी विचारले, आणि सगळ्या बायकांनी एकदम सांगायला सुरुवात केली. किल्ला, बर्फ, उत्तरेची खोली, जिना. तीन वेळा दाराशी आलेली पावले बायकांनी सांगितली तेव्हा नऊ वेळा येऊन गेली होती. चनबसप्पांनी स्टूल भिंतीला टेकवून घेतले.

"वाचा."

निंगप्पा वाचू लागला. आज छापलेलेच होते, त्यामुळे आवाज त्याच्या जुन्या जागेवर होता. दिवा मंद झाला. जिन्यावर पाऊल वाजले. दुसरे वाजले. हंबीररावाने उशीखालची तलवार चाचपली, ती तिथे नव्हती. पावले दाराशी आली. थांबली. कोणी हात लावला नसताना कडी वर उचलली गेली. दार बोटभर उघडले.

निंगप्पाने पान उलटायला बोट ओले केले.

"थांबा," चनबसप्पा म्हणाले.

निंगप्पा थांबला. बाहेर लख्ख ऊन होते. गल्लीतून कापडाचे गठ्ठे घेऊन टांगा चालला होता.

"उजेड कमी झालाय," चनबसप्पा म्हणाले. "डोळ्यांना ताण पडतो तुमच्या. उद्या वाचा."

कोणी हसले नाही. चनबसप्पा उठले आणि दाराकडे गेले. दार नुसते लोटलेले होते. ते उघडण्याआधी त्यांनी जोतीरामला हाक मारली आणि पुढे घातले.

"बिड्या ओढून बघायच्या होत्या, मालक," जोतीरामने आठवण केली.

"बघ की. आण."

जोतीराम सुपांमधून फिरला. पहिले पाऊल वाजल्यापासून एकाही बाईने बिडी वळलेली नव्हती. पाने हातात होती, तंबाखू पानावर होती आणि हात जिथल्या तिथे थांबले होते. सैल की घट्ट, हे तपासायला काही नव्हतेच.

"आमी सैलच वळनार होतो," नागव्वा म्हणाली.

त्या संध्याकाळी बायकांनी सकाळच्या बिड्यांतून मूठ मूठ काढून निंगप्पाचे सूप भरले.

दुसऱ्या दिवशी चनबसप्पा जेवणे व्हायच्या आतच आले आणि येताना शेजारच्या पानवाल्याला बरोबर घेऊन आले. स्टूल आता भिंतीजवळ नव्हते, बायकांच्या मधोमध होते. करकंबहून नवी तक्रार आली होती. ती खिशातच राहिली. निंगप्पाने पुस्तक उघडले, खूण काढली आणि विचारले, "मालक, पान उलटू?"

चनबसप्पांनी पानवाल्याकडे पाहिले. पानवाल्याने नागव्वाकडे पाहिले. नागव्वा दोरा तोंडात धरून बसली होती.

चारचा भोंगा झाला तरी उत्तर यायचेच होते.