जुन्या केबलचा एकुलता एक खांब

"ज्याला चार्जर कळला, त्याला उभ्या नॉर्वेत कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही," हाल्वोरने जाहीर केलं.

हे त्याने दोन स्वेटर, कानटोपी आणि लोकरी हातमोजे घालून, स्वतःच्याच चालत्या विजेच्या गाडीत जाहीर केलं. हीटर बंद होता. तो लावला असता तर बॅटरीने पुढच्या चार्जरच्या आधीच राम म्हटला असता.

"तुला चार्जर कळला ते बरं झालं," शेजारून बायको गुनवोर म्हणाली. "मला माझी बोटं कळेनाशी झालीत."

ईस्टरचा रविवार होता. वर डोंगरातल्या लाकडी चर्चमध्ये त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा होता आणि हाल्वोर तिला हातात धरून तिची हमी देणारा धर्मपिता व्हायचा होता. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, आपल्यानंतर दुसरं कुटुंब आहे. पाद्रीबाई थांबणार नाहीत. तुमच्या त्या गाडीला सांगून ठेवा."

गाडीला सांगून उपयोग नव्हता. चूक गाडीची नव्हतीच, चूक इतिहासाची होती. द्रामेनमधल्या त्यांच्या इमारतीच्या चार्जिंग समितीचा हाल्वोर अध्यक्ष. घरचा सावकाश प्लग वेगळा, रस्त्यावरचा झटपट वेगळा. झटपटमध्येही युरोपचा सीसीएस आणि जपानचा चाडेमो, आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या खोबणीत मेलं तरी बसत नाही, हे त्याने प्रत्येक शेजाऱ्याला जिन्यात गाठून शिकवलं होतं. शेजारी शहाणे निघाले, सगळ्यांनी सीसीएसच्या गाड्या घेतल्या. हाल्वोरने मात्र त्या सर्वांच्या आधी, "सीसीएस फार दिवस टिकणार नाही" असं भाकीत करून, चाडेमोची घेतली होती. भाकीत खोटं ठरलं म्हणून गाडी बदलणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

चार्जिंगची जागा आली आणि गुनवोर हरखली. "अरे वा! सगळं रिकामं!"

"रिकामं आहे ते आपलं नाही," हाल्वोर म्हणाला.

खरंच होतं ते. रिकाम्या खांबांवर नुसत्या सीसीएसच्या केबली लोंबत होत्या. जुनी, चाडेमोची केबल कोपऱ्यातल्या एकाच खांबाला होती. त्या खांबाला नवी केबलही होती, पण वीज एका वेळी एकीलाच मिळायची. आणि नेमकी तिथेच एक भलीमोठी पांढरी गाडी नवी केबल लावून उभी होती. आत लाल टोपीची एक बाई मान खाली घालून बसली होती.

"जा, सांग तिला. शेजारच्या खांबाला लाव म्हणावं."

"ओळख ना पाळख! काच ठोठावू?"

"ठोठाव की. काच आहे, बर्फाचा कडा नाही कोसळायला."

हाल्वोर उतरला. पण काच ठोठावली नाही. अनोळखी माणसाला त्याच्याच गाडीत गाठणं म्हणजे त्याच्या न्हाणीघरात डोकावण्यासारखं. त्याने आपल्या गाडीची चाकं तपासली. मग पुन्हा तीच चाकं तपासली. खोकला. छपरावरच्या स्कींचे पट्टे सोडून पुन्हा बांधले. लाल टोपीने एकदा वर पाहिलं, नजरानजर झाली, आणि दोघांनीही सभ्यपणे माना फिरवल्या.

"काय म्हणाली?" गुनवोरने काच खाली करून विचारलं.

"अजून विषय निघाला नाही."

"तिकडे नात तुझ्यावाचून ख्रिस्ती व्हायची!"

हाल्वोरने खांबाचा पडदा पाहिला. 'चार्जिंग पूर्ण.' त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पोट भरलं तरी पाटावरून उठायचं नाही, ही कुठली रीत? ह्या रागाच्या भरात त्याने आयुष्यात प्रथमच परक्याच्या काचेवर टकटक केली. लगेच दोन पावलं मागेही सरला.

काच खाली आली. "माफ करा," दोघं एकदमच म्हणाले.

"तुम्ही आधी," हाल्वोर म्हणाला.

"केबल निघत नाहीये हो," बाई रडवेल्या सुरात म्हणाली. "गाडी कालच घेतली. खांबावर बंदचं बटण दाबलं, ओढून पाहिलं, काही नाही. तुम्ही जाणकार दिसत होतात, विचारणार होते. पण तुम्ही चाकांमध्ये इतके गुंतला होतात!"

"खांबाचा दोष नाही. केबल तुमच्या गाडीने धरून ठेवलीय. किल्लीवरचं दार उघडायचं बटण दाबा."

बटण दाबलं, खट् झालं, आणि केबल लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली.

"देव पावला!" बाई म्हणाली. "वर बाप्तिस्मे खोळंबलेत. मीच पाद्री."

गुनवोर गाडीतून उतरली ती थेट पर्स घेऊनच. हाल्वोरने हिशेब केला. त्याच्या म्हाताऱ्या बॅटरीला पुरेसं पाणी पाजेपर्यंत नात चालायला लागली असती. पाद्रीबाईंनीच तोड काढली: गाडी इथे चार्जिंगला लावा, माझ्याबरोबर चला, संध्याकाळी खाली येताना घेऊन जा.

अशा रीतीने चाडेमोचा शेवटचा शिलेदार सीसीएसच्या गाडीतून, ऊबदार आसनावर, नातीच्या बाप्तिस्म्याला निघाला. समोरचं माणूस परकं असेपर्यंत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्याची आता ओळख झाली होती.

"त्याचं असं आहे पाद्रीबाई," त्याने सुरुवात केली, "की मुळात प्लग चार प्रकारचे. पहिला जो आहे, तो आता मागे पडला, पण का पडला हे समजून घ्यायला हवं. दुसरा—"

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गुनवोर मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती.

"एक विनंती करू का?" पाद्रीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

"करा ना! अवश्य!"

"चर्च येईपर्यंत जरा गप्प बसाल का? माझं प्रवचन अजून पाठ व्हायचंय."