गाळलेली पायरी

तिसऱ्या वाक्यानंतर हेमाची बोटं थांबली. पुढे काही असेल म्हणून तिने कागद उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं.

मायदेव सरांनी निळ्या शाईत, वळणदार इंग्रजी अक्षरांत, एवढंच लिहिलं होतं : कुमारी उत्कर्षा भुसारे हिला मी दोन वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. तिचं काम समाधानकारक आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

सर समोरच्या बाकावर छत्री गुडघ्यांत धरून बसले होते. छत्री डिसेंबरातही का, हे त्यांना विचारण्याची नारायण पेठेत कोणाची प्राज्ञा नव्हती. आजवर पत्रं ते घरच्या टाइपरायटरवर स्वतःच टाइप करत. रिबन मिळेनाशी झाली, म्हणून हेमाच्या टायपिंगच्या दुकानाची पायरी चढले.

हेमा अकरावी शिकलेली. इंग्रजी तिला आलं ते लोकांची पत्रं टाइप करता करता. पीएच.डी.साठी अमेरिकेला निघालेल्यांची शिफारसपत्रं तर तिने ढिगाने टाइप केली होती. विषय अर्थशास्त्र असो की पदार्थविज्ञान, त्यात प्रत्येक मुलगा त्या प्राध्यापकाला आयुष्यात भेटलेला सर्वांत बुद्धिमान विद्यार्थी असे. एका प्राध्यापकांना तर एकाच आठवड्यात असे तिघे भेटले होते.

त्या ढिगात हे ‘समाधानकारक’ जाऊन पडणार होतं.

उत्कर्षाचा अर्ज हेमानेच टाइप केला होता. मुलगी परभणीकडची. वडील वाघोलीजवळच्या कारखान्यात कामाला होते. अमेरिकेतल्या विद्यापीठाने घेतलं तर फी माफ आणि वर महिन्याच्या महिन्याला विद्यावेतन मिळणार होतं. त्याशिवाय जाणं शक्यच नव्हतं. दुसरीकडे एका सॉफ्टवेअर कंपनीचं बोलावणं येऊन पडलेलं. सोमवारी हजर व्हायचं आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही करायची. “बाबा म्हणतात, हातातलं सोडू नको,” ती काल म्हणाली होती. “मी म्हणलं, पत्र जाऊ द्या एकदा. मग मी कंपनीला ‘नाही’ कळवते.”

हेमाने ‘समाधानकारक’ खोडून ‘उत्कृष्ट’ टाइप केलं. पडद्यावर ते छान दिसलं. मग सरांच्या खिशातलं लाल पेन तिला दिसलं आणि तिने ते एकेक अक्षर मागे घेतलं.

“झालं का?” सरांनी विचारलं. “की तीन वाक्यांनाही तुमचा संगणक तापावा लागतो?”

“सर, एक विचारू? आजवर किती मुलांबद्दल तुमची तक्रार नव्हती?”

सरांनी छताकडे पाहिलं. प्रश्नाला उत्तर असेल तर द्यायचं, ही त्यांची सवय.

“एकतीस वर्षांत? हिच्याखेरीज कोणी आठवत नाही.”

“मग तसंच लिहा की.”

“म्हणजे स्तुती करू? ती भाट करतात.”

“स्तुती कुठे, हिशेबाने खरं तेच. तुम्ही ‘समाधानकारक’ म्हणालात की आपल्या पेठेत लोक पेढे वाटतील. पण तिथे ते वाचणाऱ्याला वाटेल, मास्तरांना नाही म्हणवेना, म्हणून हे लिहून दिलं.”

सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तिने असं काय केलं, म्हणून तुमची तक्रार नाही?” हेमाने आवाज खाली आणला.

सरांनी छत्री बाकाला टेकवून ठेवली.

“प्रकाशाच्या प्रकरणात एक सिद्धता आहे,” सर म्हणाले. “मी एकोणीस वर्षं ती फळ्यावर लिहीत होतो. मधली एक पायरी त्यात बसत नव्हती. शेवटी उत्तर पुस्तकातलंच यायचं, त्यामुळे मुलं उतरवून घ्यायची आणि मीही पुढे जायचो. ही मुलगी तास संपल्यावर थांबली. सगळे जाईपर्यंत थांबली, हे लक्षात घ्या. मग चार पानं पुढे केली. म्हणाली, सर, मला नीट समजलं नसेल, पण इथे अडतंय.”

“मग?”

“तिला नीट समजलं होतं.”

“हे कोणाला सांगितलंत?”

“कोणाला सांगणार? पुढच्या वर्षापासून दुरुस्त शिकवलं.”

हेमाने कळफलक जवळ ओढला. “सांगा, मी लिहिते.”

सर उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि वर्गातल्यासारखं सावकाश इंग्रजी सांगू लागले. ‘एकोणीस वर्षं’ या शब्दांपाशी ते अडखळले. हेमाने मान वळवली नाही. पडद्यावरची कर्सरची रेघ लुकलुकत राहिली.

“अनेक वर्षं, असं लिहू का?” तिने विचारलं.

“एकोणीस,” सर म्हणाले. “मोघम लिहायचं नाही.”

पत्र पानभर झालं. स्तुतीचं विशेषण त्यात एकही नव्हतं. सरांनी लाल पेनाने एक स्वल्पविराम काढायला लावला, सही केली, लिफाफा बंद केला आणि चिकटवलेल्या कडेवर पुन्हा सही केली.

साडेचारला उत्कर्षा धापा टाकत आली. कुरियर पाचला बंद होई. लिफाफा दोन्ही हातांनी घेऊन ती वाकायला लागली.

“आधी पोचव,” सर म्हणाले. “पाय पळून जात नाहीत.”

“काकू, होईल ना?” तिने दारातून विचारलं.

“तू पळ आधी.”

ती गेली. हेमाला वाटलं, आता सरही उठतील. ते बाकावर परत बसले.

“दोन वर्षांपूर्वी एका मुलाला पत्र दिलं होतं. तेजस म्हणून. त्याचं डोकं फार स्वच्छ होतं. तीन ओळींचंच दिलं होतं.”

“मग?”

“नऊ ठिकाणी अर्ज केला. नऊही ठिकाणांहून नकार आला. मला वाटलं, अमेरिकेत लोकांना पारख उरली नाही.”

हेमाने टेबलावरचे कागद सारखे केले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

“आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला येतो. बरं चाललंय म्हणतो.” सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. “हेमाताई, लोक दुसऱ्यांदा अर्ज करतात का हो?”

“करतात की. तिशीला टेकलेलेसुद्धा येतात माझ्याकडे.”

“अस्सं.”

त्यांनी खिशातून लहानशी वही काढली, नंबर शोधला आणि टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. हेमाने फोन त्यांच्याकडे सरकवला. नंबर फिरवून ते ताठ बसले.

“तेजस? मायदेव बोलतोय. नाही, नाही, तब्येत उत्तम आहे. तुला जरा वेळ आहे का?”

पलीकडचं हेमाला ऐकू येत नव्हतं. तिने संगणकावर नवी फाइल उघडली.